उंबरटेंभची जाळरेषा

वणवा कसा विझवतात ते पाहायला मी गेलो होतो. तिथे मला आधी आग कशी लावतात ते दाखवण्यात आलं.

उंबरटेंभ हा वारली वस्तीचा पाडा कामणच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी आहे. माझं गाव वटार, समुद्राच्या बाजूचं. दोन्ही वसई तालुक्यातच. वटारच्या माणसाला तो डोंगर दिसतो तो निळा आणि लांबचा. उन्हाळ्यात त्याच्यावर धुराचा पट्टा उभा राहिला, की आम्ही "डोंगर पेटला वाटतं" असं म्हणतो आणि केळीला पाणी सोडायला जातो. वृत्तपत्राच्या कचेरीत वीस वर्षं काढताना हा धूर दोन-तीन ओळींच्या बातमीत अनेकदा माझ्या हाताखालून गेला. त्या ओळींत 'आदिवासींनी लावल्याचा संशय' हे शब्द हमखास असत. फोनवरून कोणी सांगितलेले आणि मी लिहून घेतलेले. आग कुठे थांबली, कोणी थांबवली, हे त्या ओळींत कधी नसे.

यंदा वनखात्याने पायथ्याची जाळरेषा आखण्याचं आणि जाळण्याचं काम पहिल्यांदाच उंबरटेंभच्या वनहक्क समितीकडे दिलं. जाळरेषा म्हणजे जंगल आणि बाहेरचं गवत यांच्यामध्ये मुद्दाम जाळून मोकळी केलेली पट्टी. मोठी आग तिथपर्यंत येते आणि खायला काही न मिळाल्याने थांबते. काम देताना एक अट घातली होती. पाड्याच्या हातून आग सुटली, तर काम परत घेतलं जाईल. समितीच्या प्रमुख लाडकीबाय यांनी ही अट मला पहिल्या भेटीतच तोंडपाठ म्हणून दाखवली. कागदावरचे शब्द जसेच्या तसे, एकही न चुकवता.

कामण, शुक्रवार

होळीला अजून आठवडा होता. पाऊस लांबल्याने गवत उशिरा वाळलं होतं, म्हणून जाळरेषेचं कामही लांबलं होतं.

कामणच्या नाक्यावर ट्रकांची रांग होती. रस्त्याच्या कडेला गोदामं, पत्र्याची, एकसारखी. त्यांच्या मागे कुंपण. कुंपणाच्या आत एका कोपऱ्यात पॅकिंगच्या पट्ट्या आणि थर्माकोल जाळल्याच्या काळ्या खुणा. कुंपणाबाहेर माळ सुरू होतो. कमरेइतकं वाळलेलं गवत, त्यात विखुरलेली मोहाची झाडं, आणि माळ संपतो तिथे जंगल. गोदामापासून जंगलापर्यंत चालत दहा मिनिटं लागतात.

लाडकीबाय नाक्यावर घ्यायला आल्या होत्या. वय पन्नाशीच्या आसपास, गुडघ्यापर्यंत नेसलेलं लुगडं, कमरेच्या पिशवीत मोबाइल. रिक्षातून मी पाण्याचे दोन मोठे कॅन उतरवले, तेव्हा त्यांच्यासोबतच्या बायका एकमेकींकडे पाहू लागल्या.

"पानी कशाला आनला?" लाडकीबाय म्हणाल्या.

"आगीचं काम आहे ना. असावं जवळ."

"दोन डब्यांत डोंगर विझवाल?"

बायका हसल्या. त्यांतली मंजी म्हणाली, "राहू दे गं. चायला होईल."

आणि चहालाच झालं. तीन दिवस ते पाणी गूळ आणि गवती चहा घालून उकळलं गेलं. दुसऱ्या कशालाही त्याचा थेंब लागला नाही.

दुपारी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी होती. सुकट पाचूबंदरची. तिथल्या कोळणी आठवड्याच्या बाजाराला कामणपर्यंत येतात, हे मला माहीत होतं. ती सुकट पुढे डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते, हे माहीत नव्हतं. आमच्याकडे सुकटीत कैरी घालतात. इथे चिंचेचा कोवळा पाला घातला होता. हा बदल वटारला करून पाहण्यासारखा आहे.

जेवणानंतर लाडकीबायंनी जंगल दाखवलं. ऐन, खैर, कुडा, मधूनमधून साग. वीस-बावीस वर्षांपूर्वी इथे खडक दिसत होता, असं त्या म्हणाल्या. पाड्याने बैठक घेऊन कुऱ्हाड बंद केली. गुरं कोणत्या महिन्यात कुठे चारायची, सरपणाला काय तोडायचं आणि काय नाही, मध कोणी आणि केव्हा काढायचा, हे सगळं ठरवलं. लिहून ठेवलेलं काही नव्हतं. सगळ्यांना पाठ होतं. हक्काचा कागद मिळाला तो खूप नंतर. "कागद आला तवा जंगल डोक्यावर गेला होता," लाडकीबाय झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

वटारला आमच्या वाड्यांतून बावखलं होती. वाडीतली उघडी तळी. त्यांचं पाणी वाडीला पुरे आणि शेजारच्या वाडीलाही. मालकी पिढ्यान्‌पिढ्यांची, कागद पक्के. त्यांतली बरीचशी आम्ही भराव घालून बुजवली. इथे कागद नव्हता तेव्हा लोकांनी जंगल वाढवलं. ही नोंद मी त्याच दिवशी वहीत केली. तिच्यात नंतर काही बदलावंसं वाटलं नाही.

जंगलाच्या कडेला एका खडकापाशी त्या थांबल्या. "इथून माझ्या बापाला नेला," त्या म्हणाल्या. रस्त्याकडून आग आली होती. बाप डहाळी घेऊन विझवायला धावला आणि तिथे सापडला म्हणून त्याच्यावरच आळ आला. दोन दिवस वनखात्याच्या कचेरीत बसवून ठेवला. एका कागदावर अंगठा घेतला. कागदात काय लिहिलंय ते त्याला कोणी वाचून दाखवलं नाही, आणि त्यानेही विचारलं नाही.

"मग?"

"मग काय. तो मेला तरी लोक म्हनत, डोंगर पेटवनारा."

परतताना त्यांचा थोरला भाऊ भेटला. काकड्या. शेताच्या बांधावर तो राब रचत होता. भाताचं बी पेरण्याआधी जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. खाली शेण, वर तोडलेल्या डहाळ्या, त्यावर पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यांवर बारीक मातीचा थर. उंबरटेंभमध्ये काकड्याच्या राबाची ख्याती आहे. शेजारच्या पाड्यांतले लोक पाहायला येतात.

"मना इस्तू यानेच शिकवला," लाडकीबाय म्हणाल्या. इस्तू म्हणजे विस्तव.

काकड्या सगळ्यांना 'तू' म्हणतो. मला, वनरक्षकाला, देवालाही. "वारा जातो त्या अंगाला पेटव," तो मला म्हणाला. "मंग इस्तू वाऱ्याच्या तोंडावर चालतो. हळू चालतो. इस्तू धावायला लागला का मानूस हरला. त्याला चालवायचा, म्हाताऱ्यावानी."

"आणि वरची माती कशाला?"

"दाबायला. उघडा इस्तू भडकतो आनि मरतो. दाबलेला दिवसभर खात बसतो."

मी हे लिहून घेतलं. तो वहीत डोकावला आणि म्हणाला, "लिव. तुझ्या गावाला भात पिकतो का नाय?"

"आता केळी आणि फुलं जास्त."

"मंग कशाला लिवतो?"

माळ, शनिवार

सकाळी सगळे माळावर जमले तेव्हा गवतावर दव होतं. सुमारे तीस माणसं, निम्म्याहून जास्त बायका. हत्यारं म्हणजे शिंदीचे खराटे, दाताळी आणि करंजाच्या ओल्या डहाळ्या. काकड्या सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या खांद्यावर कुदळ होती. या कामाला कुदळ लागत नाही हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. वहीत मात्र 'काकड्या, उशिरा, कुदळ' अशी नोंद आहे.

कामाची पद्धत अशी. जंगलाच्या बाजूची कड आधी खराट्याने झाडून काढतात, जमीन दिसेपर्यंत. रस्त्याच्या बाजूची कडही तशीच. मध्ये उरलेली गवताची पट्टी जाळायची. सकाळचा वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहतो. म्हणून पेटवायचं समुद्राच्या बाजूच्या कडेला. आग वाऱ्याविरुद्ध, जंगलाच्या दिशेने सरकते, पण वारा तिला मागे रेटत राहतो. तिची उंची घोट्याच्या वर जात नाही. ही सगळी रीत राबाची आहे. खात्याच्या कोणत्याही पुस्तकातून ती इथे आलेली नाही.

लाडकीबायंनी पहिली काडी लावली. त्यानंतर त्या काहीच करताना दिसल्या नाहीत. फक्त चालत होत्या, रेषेच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, आणि मधूनमधून एखाद-दुसरा शब्द बोलत होत्या. "मंजी, मागं." "पाला उचल." "त्याला जाऊ दे, तो मरतोय." प्रत्येक वेळी नेमकं त्याच जागी काहीतरी होणार असे. मी त्यांच्या मागे चालत होतो. ज्वालेकडे त्या क्वचितच पाहत. त्यांची नजर गवताच्या शेंड्यांवर असे. वारा आधी तिथे कळतो.

मध्येच माझा एक पाय जमिनीला चिकटला. बुटाचा तळ वितळला होता. मंजीने तो निखाऱ्यावरून ओढून काढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "पेपरवाल्या भाऊंचा बूट शिजला!" उरलेलं काम मी तिच्या नवऱ्याच्या टायरच्या चपला घालून पाहिलं. त्या मोठ्या होत्या, पण शिजल्या नाहीत.

अकराच्या सुमारास गवताचे शेंडे सरळ उभे राहिले, थोडा वेळ थबकले आणि मग उलट्या दिशेला कलले. समुद्राचा वारा सुरू झाला होता. वटारला हाच वारा आम्हाला दुपारची झोप देतो. इथे त्याच्यासमोर काडी ओढायची नाही, असा नियम आहे. त्याआधी पंधरा-वीस मिनिटं शेवटची ज्वाला विझली होती. लाडकीबायंनी एकदाही वेळ पाहिली नव्हती.

मला वाटलं, काम संपलं. कोणी हललं नाही. प्रत्येक जण आपापल्या वाट्याच्या पट्टीवर उकिडवा बसला आणि राखेवर हात ठेवत पुढे सरकू लागला. तळहात, सपाट. एका जागी ठेवायचा, उचलायचा, वीतभर पुढे ठेवायचा. ऊब लागली की तिथे दाताळ्याने उकरायचं आणि पुन्हा हात ठेवायचा. तीस माणसं, एक अख्खी रेषा. या कामाला तास-दीड तास लागला. लाडकीबाय सगळ्यांच्या मागून आल्या आणि दुसऱ्यांदा हात ठेवत गेल्या. पेटवणाऱ्याने हात गार लागल्याशिवाय घरी जायचं नाही, हा पाड्याचा नियम आहे. त्याला अपवाद नाही.

कामानंतर जागेवरच छोटी बैठक झाली. मोहाची फुलं पडायला लागली होती. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची जुनी पद्धत आहे. यंदा ती बंद करून पाला झाडून काढायचा, असं पाड्याने महिन्यापूर्वी ठरवलं होतं. लाडकीबायंनी ते पुन्हा विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. काकड्यानेही केला.

मोहाखाली, रविवार

सकाळी मी निघणार होतो. मंजीने भाजलेल्या मोहाच्या फुलांचा एक घास खाऊन जा म्हटलं, आणि त्या घासामुळे दुपार झाली. फुलं मनुकांसारखी लागतात. त्यांना एक जड वास असतो, तो दोन दिवस बोटांना राहतो.

बाराच्या पुढे कोणीतरी ओरडलं. माळावरून धूर येत होता. गोदामांच्या आणि जाळरेषेच्या मधल्या गवतातून. समुद्राचा वारा जोरात होता आणि आग सरळ जंगलाकडे येत होती. ही आग कालच्यासारखी नव्हती. ती उभी होती, माणसापेक्षा उंच, आणि तिचा आवाज पाड्यापर्यंत ऐकू येत होता.

लोक धावले, पण आगीकडे नाही. सगळे जाळरेषेच्या मागे, जंगलाच्या बाजूला जाऊन उभे राहिले. पाच-सहा पावलांवर एक माणूस, हातात ओली डहाळी. मी लाडकीबायंना विचारलं, पुढे जाऊन विझवत का नाही?

"गवत जाऊ दे," त्या म्हणाल्या. "गवत परत येतं. रेषेवर उभं राहा आनि मागं बघा. मागं काय पडतं ते मारा."

आग रेषेशी आली. गरम हवेचा लोट आधी आला. डोळे उघडे ठेवता येईनात. जळत्या काड्या रेषेवरून उडून मागे पडू लागल्या. जिथे काडी पडली तिथे डहाळी. कोणी बोलत नव्हतं. चार ठिकाणी मागचा पाला पेटला आणि चारही ठिकाणी वाढण्याआधी मारला गेला. समोर आगीने कालच्या राखेला तोंड लावलं, तिथे तिला काही मिळालं नाही, आणि ती खाली बसली. दहा-बारा मिनिटांत सगळी रेषा नुसती धुमसत होती. मागे एकही झाड जळलं नव्हतं.

मी आजवर बऱ्याच मोठ्या बंदोबस्तांच्या बातम्या दिल्या आहेत. इतक्या थोड्या शब्दांत झालेलं काम मी पाहिलेलं नाही.

वनरक्षक मोटरसायकलवर आला. तरुण होता, धुळ्याकडचा. पाड्यात त्याला सगळे गारड साहेब म्हणतात. त्याने रेषा पाहिली, मागचं जंगल पाहिलं आणि टोपी काढून कपाळ पुसलं. "रेषा धरली," तो म्हणाला. "लाडकीबाय, रेषा धरली तुमची!" मग बॅगेतून अहवालाचा कागद काढला. "कारणाच्या रकान्यात काय, गोदामच लिहितो. रोजच कचरा पेटवतात मागे."

तोपर्यंत गोदामाचा वॉचमन कुंपणावरून उडी मारून आला होता. चाळिशीचा, उत्तरेकडचा माणूस. धावल्याने त्याला धाप लागली होती. "साहब, आज हमने कुछ नहीं जलाया," तो म्हणाला. "कसम से. दो दिन से कुछ नहीं जलाया. लिख दोगे तो मालिक आज ही निकाल देगा."

"सगळे असंच म्हणतात," वनरक्षक म्हणाला.

लाडकीबायंनी त्या माणसाकडे पाहिलं. मग त्या जळालेल्या माळात शिरल्या. थोड्या वेळाने वाकल्या आणि एका दगडाला हात लावला. पुढे गेल्या, दुसऱ्या दगडाला. आम्ही मागे गेलो. दगडाची जी बाजू काळी होते तिकडून आग आलेली असते, हे त्यांनी मला चालता चालता सांगितलं. जाळरेषेजवळच्या दगडांची गोदामाकडची बाजू काळी होती. ते सगळ्यांना अपेक्षित होतं. त्या गोदामाकडे चालत राहिल्या. माळाच्या मध्यावर एका जुन्या मोहाच्या पलीकडे गेल्यावर त्या थांबल्या. इथल्या दगडांची गोदामाकडची बाजू स्वच्छ होती. काळी होती ती मोहाकडची.

त्या मोहापाशी परत आल्या. झाड बुंध्यात पोकळ होतं आणि त्या पोकळीतून धूर येत होता. बुंध्याभोवती ताज्या मातीचा थर होता, कुदळीने ओढलेला, नीट सपाट केलेला. लाडकीबायंनी त्यावर हात ठेवला.

"गार," त्या म्हणाल्या.

मोह काकड्याचा होता. तो दहा पावलांवर उभा होता.

"दादा, इथं काय केलास?"

काकड्याने हातातली डहाळी खाली टाकली.

"दादा."

"काल सकाळी," तो म्हणाला. "तुमी यायच्या आधी. एवढासा पाला होता. कंबर धरते माझी, झाडवत नाय." मग त्याने मातीकडे बोट केलं. "मी उघडा नाय ठेवला. नीट दाबला, राबासारखा. माती घातली. हात ठेवला, गार होता."

"राब दाबतात तो पेटता रहावा म्हनून," लाडकीबाय म्हणाल्या.

जे घडलं ते सगळ्यांना एकाच क्षणी कळलं होतं. वरची माती गार आणि खाली विस्तव जिवंत. पोकळ बुंध्यातून तो वाळक्या मुळीत शिरला, दिवसभर आणि रात्रभर मुळीतून खात गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वाऱ्यात, पंधरा पावलांवर गवतात वर आला. ज्याला राब येत नाही त्याने मातीऐवजी पाणी ओतलं असतं, किंवा विस्तव उघडाच सोडून दिला असता. तो भडकून तिथेच मेला असता. ही चूक करायला काकड्याइतकी जाण लागते.

वनरक्षकाने लाडकीबायंना बाजूला घेतलं. मी ऐकण्याच्या अंतरावर होतो. "हे तुम्हाला दिसलं, मला दिसलं," तो हळू आवाजात म्हणाला. "कागदाला दिसायची गरज नाही. तुम्हाला अट माहिती आहे ना?"

"पाठ हाय."

"मग? गोदामवाल्यांनी एरवी कितीदा लावली. एकदा फुकट लिहिलं गेलं तर काय बिघडलं? कोण विचारणार आहे?"

"माझ्या बापाच्या वक्ताला बी कोनी विचारला नाय," लाडकीबाय म्हणाल्या. त्यांनी कुंपणाशी उभ्या असलेल्या वॉचमनकडे हात केला. "त्या मानसाला जाऊ द्या घरी. आनि लिवा. आग उंबरटेंभच्या मोहाखालून लागली."

"काम जाईल."

"जाईल तर जाईल. रेषा आमची म्हनलो ना? मग इस्तू बी आमचा."

वनरक्षकाने लिहिलं. लिहून झाल्यावर त्याने शाईचं पॅड काढलं आणि काकड्याचा हात धरला. लाडकीबायंनी तो हात मागे घेतला. "आधी वाचा."

त्याने वाचलं. त्यांनी ते दुसऱ्यांदा वाचायला लावलं, मोठ्याने, मागच्या बायकांना ऐकू जाईल असं. मग काकड्याने अंगठा दिला. खाली लाडकीबायंनी सही केली. अक्षरं मोठी, एकमेकांपासून सुटी, आणि संपूर्ण नाव.

वॉचमन कुंपणापलीकडे गेला आणि थोड्या वेळाने बिस्किटांचे तीन पुडे घेऊन परत आला. माझ्या कॅनमधलं शेवटचं पाणी त्या चहाला संपलं.

निघताना लाडकीबाय नाक्यापर्यंत आल्या. "तुमी बी लिवनार ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हणालो.

"मग पयला लिवा कुठून लागला. मग लिवा कुठं थांबला. दोन्ही लिवा."

पुन्हा कामण

बातमी दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर आली. तीन वाक्यांची. पाड्यात वृत्तपत्र पोहोचत नाही, म्हणून आठ-दहा दिवसांनी कात्रण आणि मंजीच्या नवऱ्याच्या चपला घेऊन मी स्वतः गेलो.

वनखात्याच्या कचेरीचा निर्णय आदल्या दिवशी आला होता. लाडकीबायंना बोलावून घेतलं होतं. साहेबांनी कागद पुढे ठेवून विचारलं, आग तुमच्यातून लागली हे कोणाला सापडलं? त्या म्हणाल्या, आमाला. साहेबांनी वनरक्षकाकडे पाहिलं आणि विचारलं, आपल्याला सापडलं असतं का? वनरक्षक म्हणाला, नाही. त्यावर साहेबांनी कागद पुन्हा वाचला आणि शेरा लिहिला. रेषेचं काम समितीकडेच ठेवावं. लाडकीबायंनी तो शेराही मला तोंडपाठ म्हणून दाखवला.

पाड्याने आपला निर्णय त्याआधीच घेतला होता. ज्याची आग सुटली त्याने पावसाळ्यापर्यंत रोज जाळरेषा झाडायची, म्हणजे तिच्यावर नवा पाला साचणार नाही. कंबर धरते हे कारण चालणार नाही. हा ठराव त्याच्या बहिणीने मांडला होता.

काकड्या रेषेवरच भेटला. हातात शिंदीचा खराटा, कमरेला घट्ट बांधलेलं फडकं. त्याचा मोह पडला होता, आतून पूर्ण पोकळ झालेला. त्याच्या पलीकडे माळ काळा होता, पण त्या काळ्यातून बोटभर हिरवे कोंब वर आले होते. त्याच्या मागे जंगल उभं होतं, पान न पान जागेवर.

"आनलास?" तो म्हणाला.

मी कात्रण काढलं.

"माझा नाव हाय त्यात?"

"नाही. मोहाचं आहे."

"मोहाचा चालंल. वाच."

मी वाचलं. कामणजवळील माळावर रविवारी लागलेल्या वणव्याची सुरुवात उंबरटेंभ पाड्यातील एका मोहाच्या झाडाखाली झाली, असं पाड्याच्या वनहक्क समितीनेच वनखात्याला लेखी कळवलं आहे. पाड्यातील वारली स्त्री-पुरुषांनी आदल्या दिवशी जाळलेल्या रेषेवर हा वणवा थांबला. जंगलाचं नुकसान झालेलं नाही.

काकड्याने खराटा जमिनीला टेकवला आणि त्यावर दोन्ही हात ठेवले.

"दुसरा परत वाच," तो म्हणाला.